खालची ओळ

एल्डीन मूस्तूसने पहिला कॅमेरा
प्रिन्स अल्बर्टच्या गहाणवटीच्या दुकानातून आणला.
आत कुणाच्या तरी लग्नाची टेप अडकलेली.
ती तिने पुसली नाही.
चाळीस वर्षं ती अनोळखी नवरी
आमच्या कपाटात हसत राहिली.

थंडी उणे अडतीस. बॅटरी काखेत,
कोटाच्या आत, तान्ह्या पोरासारखी.
मी तिचा आवाजवाला. म्हणजे भाचा,
म्हणजे स्लेज ओढायला, जाळ करायला,
आणि बर्फातून चालताना पाय न वाजवायला.

‘कट’ ती कधी म्हणाली नाही.
त्या शब्दाची कात्री तिने सातव्या वर्षी ऐकली होती,
नन्सच्या शाळेत, वेणी फरशीवर पडताना.
चित्रण थांबवायचं तर म्हणे, एकोसी.
झालं. एवढंच.
आमची म्हातारी माणसं गोष्ट संपवताना म्हणतात तसं,
आणि संपली नसली तरी म्हणतात.

धरणाने आमचं तळं नऊ फूट वर चढलं, त्यावरची फिल्म.
मॅथियास बीव्हर सोलत बसलाय.
चार मिनिटं तोंडातून शब्द नाही.
टोरांटोहून फोन आला, एवढं काढून टाका,
इथे काही घडत नाही.
ती म्हणाली, बीव्हरला विचारून सांगते.
मग फिल्म रात्री साडेअकराला लागली,
हॉकीची मॅच लांबली म्हणून बाराला.
आम्ही हॉलमध्ये बिंगोची टेबलं भिंतीला सारून पाहिली.
मॅथियास स्वतःच झोपला.
त्याची कुत्री मात्र पडद्यामागे जाऊन
त्याला शोधून आली.

लिहायची ती रात्री, शाळेच्या वह्यांत.
डाव्या पानावर आमची अक्षरं
(त्रिकोण तोच, तोंड फिरवलं की स्वर बदलतो),
उजव्या पानावर इंग्रजी.
डावीकडे दगड जिवंत असतो. किटलीसुद्धा.
आमचं व्याकरणच तसं आहे, त्यात भक्तिभाव नाही.
उजवीकडे आणला की दगडाची वस्तू होते.
‘आज पुन्हा एक किटली मारली,’
सकाळी चहा ओतताना म्हणायची.

तीन पुस्तकं झाली. बक्षिसंही.
काचेचं एक जड होतं,
उन्हाळ्यात दार उघडं ठेवायला बरं पडलं.

मग साखरेने डोळे गेले, आधी उजवा.
शेवटच्या फिल्मची खालची ओळ मी लिहायला बसलो.
मॅथियास होडीत उभा. खाली बुडालेलं दफन.
तो म्हणतो, नियानान. आमची माणसं आहेत इथे.
आणि जरा थांबून, कियानाव.
हे पाणी आपण पितो.
इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द.
मी तोच टाकला, दोनदा.
तिने स्क्रीनला नाक लावून वाचलं
आणि अकरा दिवस काम बंद ठेवलं.
आम्ही म्हणताना त्याने दार लावलं होतं, म्हणाली,
आणि आपण म्हणताना उघडलं.
तुझ्या ओळीत दारच कुठे आहे?

शेवटी दुसऱ्या जागी तिने ओळ कोरी ठेवली.
पहिल्या खेळाला मागून कुणीतरी ओरडलं,
अहो, सबटायटल गेलं!
ती अंधारात एवढी हसली
की शेजारच्या बाईने जागा बदलली.

तळ्याचा बर्फ फुटायच्या आठवड्यात ती गेली.
टेपा आता माझ्याकडे.
शेवटच्या टेपेवर वारा, बर्फाचं कण्हणं,
मग तिचं एकोसी.
रेकॉर्डर बंद करायचं मीच विसरलो होतो.
सतरा सेकंद काही नाही.
मग अगदी जवळून तिचा आवाज,
‘चल, आपण जरा ऊब घेऊ.’

मी तेव्हा पलीकडच्या काठावर होतो,
सरपण आणायला गेलेला.
तिच्याजवळ फक्त किटली होती.